वीस मिनिटांचे जागरण

परवा दुपारी नांदेडच्या बाजारात वाद्यांच्या एका दुकानापाशी थबकलो. दाराशी दोरीला ओळीने डफासारख्या लहान दिमड्या टांगल्या होत्या आणि त्या सगळ्यांवर पांढरे, दुधाळ प्लास्टिक ताणून बसवलेले होते. एक उतरवून टिचकी मारली, तर आवाज स्वच्छ आणि टणक आला. "हिला तापवायची झंझट नाही," दुकानदाराने मोठ्या उत्साहाने सांगितले. पूर्वी दिमडीला घोरपडीचे कातडे लागे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिले, ते योग्यच झाले. पुढे शेळीचे कातडे आले आणि आता हे. मला मात्र त्या झंझटीचेच अप्रूप आहे.

आमच्या घरी खंडोबाचे जागरण असे ते बहुधा मार्गशीर्षात, कापसाची वेचणी होऊन हाती थोडा पैसा आल्यावर. अंगणात पाच उसांचा मांडव, त्याखाली घट, हळदीने भरलेला चौक, खारीक-खोबरे, दिवटी-बुधली असा सगळा थाट असे; आणि कोपऱ्यात, त्या मांडणीशी काही संबंध नसल्यासारखा, पऱ्हाट्यांचा एक लहानसा जाळ. वाघ्या त्या जाळाशी उकिडवा बसून दिमडी धरायचा. कातड्याला ज्वाळ लागू द्यायची नाही, पण धग तर पोहोचली पाहिजे, म्हणून त्याचे मनगट सारखे फिरत असे. मधूनच तो दिमडी कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारी. आधी ओलसर, भदभदीत असा तिचा आवाज हळूहळू चढत जाऊन शेवटी खणखणीत होई. शेजारी तुणतुणेवाला खुंटी पिळत तार जुळवत बसलेला. नाना घाई करत, "अहो, सुरू करा आता, मंडळी पेंगायला लागली." त्यावर वाघ्या मान वर न करता म्हणे, "तापल्याबिगर बोलत नाही वो ती."

मध्यरात्रीनंतर दव पडू लागले की दिमडी पुन्हा उतरे. मग पुन्हा जाळ, पुन्हा चहा, आणि तोवर खंडोबाच्या दोघी बायकांचे, म्हाळसा-बाणाईचे, भांडण अर्ध्यावर लटकलेले. आम्ही मुले नेमकी त्याच वेळी झोपी जात असू आणि पहाटे लंगराची साखळी तुटताना कुणीतरी हलवून उठवल्यावर जागी होत असू. त्यामुळे बाणाईला देवाने घरात आणल्यावर पुढे त्या दोघींचे काय ठरले, हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते.

वाघ्याची ही मंडळी वर्षातून एकदा माळेगावला जायचीच. लोहा तालुक्यातले, नांदेड-लातूर रस्त्यावरचे हे खंडोबाचे ठाणे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, म्हणजे ऐन थंडीत आणि अंधाऱ्या रात्रींत, तिथे देवाची पालखी निघते आणि यात्रा भरते. तिथल्या गाण्याबजावण्याचा इतिहास मला तरी बाजाराच्याच अंगाने उलगडतो. घोडे, गाढवे, उंट, लालकंधारी बैल यांचे सौदे काही एका बैठकीत होत नाहीत. आज दात पाहायचे, उद्या चालवून पाहायचे, परवा रुमालाखाली बोटे धरून भाव करायचा, आणि तेवढ्या सगळ्या रात्री माणसांनी काय करायचे? म्हणून तमाशाचे फड उतरले, वाघ्या-मुरळी, गोंधळी, वासुदेव, पोतराज, बहुरूपी आले. भटक्या जमातींच्या जातपंचायतीही तिथेच बसत. निजामाच्या राज्यात हे व्यवहार हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्याच नाण्यात, होत. 1948 मध्ये ते राज्य गेले, पुढे काही वर्षांनी नाणेही गेले, यात्रा मात्र भरतच राहिली.

1962 मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि पुढे यात्रेची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषदेकडे आली. आता छापील कार्यक्रमपत्रिकेत कृषी प्रदर्शन, पशुप्रदर्शन, कुस्त्यांची दंगल, लावणी महोत्सव आणि पारंपरिक लोककला महोत्सव अशी क्रमवार नोंद असते. गर्दी कुठे होते हे सांगायला नकोच. कोणत्याही लोककला महोत्सवाची रीत मात्र ठरलेली आहे: दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणे, आणि त्यातून उरलेला वेळ सगळ्या पथकांत वाटायचा. रात्रभराचे जागरण वीस मिनिटांत बसवायचे म्हणजे गण होतो, एखादे ठसक्याचे पद होते आणि लगेच सूत्रसंचालक माईक हातात घेऊन उभा राहतो. तिथे दिमडी तापवायला जाळ कुठे करणार? मंडपवाला आधीच ओरडेल.

माझ्या या कुरकुरीला कलावंतांकडून मात्र फारशी साथ मिळत नाही. परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळ मोठमोठ्या व्यासपीठांवर गाजवला, ते गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेले, आणि त्यांच्यामागून कितीतरी पथकांना अंगणाबाहेरची वाट सापडली. शिवाय महोत्सवाचे प्रमाणपत्र आणि व्यासपीठावरचा फोटो शासनाच्या वृद्ध कलावंत मानधनासाठी अर्ज करताना कामाला येतात. अंगणातल्या जागरणाचे प्रमाणपत्र कोण देणार? आणि आता अंगणे तरी कुठे उरली आहेत! जागरणे मंगल कार्यालयात होतात आणि रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करावा लागतो.

रात्रभराच्या त्या जागरणात मुरळीही असे. आमच्याकडे येणारी वयस्क होती. कपाळभर भंडारा, हातात घोळ नावाची घंटा, आणि पहाटेपर्यंत जराही न बसता ती नाचे. एकदा चहा देताना आजीने तिला विचारले, "कोन्तं गाव गं माय तुझं?" तिने लगेच "माळेगाव" असे सांगितले. ती माळेगावची नव्हती. नवसापोटी लहानपणीच देवाला वाहिलेली मुलगी होती ती, आणि देवाचे गाव तेच तिने आपले म्हणून सांगितले. आजीने पुढे काही विचारले नाही. सकाळी तिला लुगडे-चोळी दिली, पण स्वयंपाकघराचा उंबरा काही ओलांडू दिला नाही.

देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा महाराष्ट्राचा कायदा 2005 चा. महोत्सवात आज मुरळी होऊन येणारी बाई बहुधा तिची भूमिका करणारी कलावंत असते. वीस मिनिटे संपली की ती घोळ पिशवीत टाकते, मानधनाच्या कागदावर सही करते, खाली आपल्या गावाचे नाव लिहिते आणि एसटी चुकू नये म्हणून घाईघाईने निघते.