पालक, सांडशी आणि मॅग्नेशियम

आज रविवार, इंदूरात रविवार म्हणजे पोहे-जिलबी, ते झालं आणि दुपारी ताटात पालक बघून भाचा रुसून बसला. म्हटलं अरे यात मॅग्नेशियम असतं, तर म्हणे मामा ते काय करतं? आता आली का पंचाईत!

मग सांगत बसलो की मॅग्नेशियमच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकले की त्याचा आयन होतो, दोन प्लस चार्जवाला. शरीरात ताकद एटीपी नावाच्या कणात साठते, पण ते म्हणजे गरम पातेलं, नुसतं उचलता येत नाही, मॅग्नेशियम ही त्याची सांडशी. अशी ३०० च्या वर कामं याच्यावाचून अडतात. (सांडशी ऐकून बायको किचनमधून हसली, म्हणे स्वतः कधी धरलीय का?) आणि स्नायूत कॅल्शियम म्हणतो मूठ आवळ, हा म्हणतो सोड आता.

एवढं सगळं मोठ्या माणसाच्या अंगात फक्त २५ ग्रॅमच्या आसपास, त्यातलं अर्ध्याहून जास्त हाडांत, रक्तात तर १ टक्कासुद्धा नाही.

"मग काल क्रिकेट खेळताना पायात गोळा आला तो मॅग्नेशियम कमी पडल्यामुळेच ना?" म्हटलं बाबा दरवेळी नाही, उन्हात दोन तास पळालास, पाणी कोण पिणार? पानाचा हिरवा रंग ज्या क्लोरोफिलमुळे, त्याच्याही मधोमध हाच बसलेला असतो, हे मात्र त्याला जाम आवडलं.

पालक तरी नाहीच खाल्ला. भोपळ्याच्या बिया खाल्ल्या मूठभर, त्यातही मॅग्नेशियम भरपूर, चला.