मागचा डिस्क ब्रेक आणि अडकलेली पिन

चिपळूणहून पाटणला जाण्यासाठी मला आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढावा आणि उतरावा लागतो. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या मोटारसायकलचा मागचा ब्रेक कर्कश वाजू लागला, म्हणून मी एका गॅरेजमध्ये नवे पॅड बसवून घेतले; पण चार महिन्यांत तेही संपत आले. घाट उतरल्यावर मागच्या चाकापाशी जळका वास येत असे आणि गाडी न्यूट्रलमध्ये मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवले, तर ते एक फेराही पूर्ण न करता थांबत असे. याचा अर्थ, पेडलवरून पाय काढल्यावरही ब्रेक सुटत नव्हता. तेव्हा तिसऱ्यांदा पॅड घेण्यापूर्वी ते इतक्या लवकर का झिजतात, हे स्वतः पाहण्याचे ठरवले.

कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे, दोन बोल्ट काढून पॅड हातात घेतल्यावर बरेच काही कळले. बाहेरच्या पॅडवर जवळजवळ तीन मिलिमीटर मटेरियल शिल्लक होते, तर पिस्टनकडचा पॅड जेमतेम एक मिलिमीटर उरला होता आणि तोही तिरका झिजला होता. माझ्या गाडीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला आहे. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. कॅलिपर सरकलाच नाही, तर सगळा भार आतल्या पॅडवर येतो. पिस्टन मागे येत नसेल, तरीही आतलाच पॅड जास्त झिजतो, त्यामुळे संशय दोघांवर होता. मी कॅलिपर ब्रॅकेटवर हाताने सरकवून पाहिला. तो बोटाच्या जोराने सहज हलायला हवा होता, पण दोन्ही हातांनी जोर लावूनही हलेना.

बऱ्याच खटपटीनंतर एक पिन बाहेर आली. तिच्यावरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटला होता आणि आत लाल चिखल वाळून बसला होता. आमच्याकडच्या जांभ्या मातीचा चिखल एकदा वाळला की खरवडूनच काढावा लागतो. पण खरे कारण दुसऱ्या पिनेवर सापडले. तिथे कोणीतरी चेन-बेअरिंगला लावतात तसले साधे ग्रीस भरले होते, आणि त्यामुळे आतले रबर फुगून पिनेला घट्ट चिकटले होते. ब्रेकमधल्या रबराला खनिज तेलाचे ग्रीस, पेट्रोल किंवा रॉकेल चालत नाही. तिथे सिलिकॉनचे, खास ब्रेकसाठी असलेलेच ग्रीस लागते. गॅरेजवाल्यांनी पॅड बदलताना पिना नुसत्या काढून पाहिल्या असत्या, तरी माझे चार महिने आणि पॅडचे पैसे वाचले असते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

बुटांचा नवा संच आणला, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, त्यांवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढला आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर दिला. पॅडची काळी पूड तोंडाने फुंकू नये, ती ओल्या फडक्यानेच टिपावी. पिस्टनला स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीची रबरी रिंग दाबाने किंचित पिळवटते आणि दाब जाताच पूर्ववत होऊन त्याला मागे ओढते. म्हणून पिस्टनचा उघडा भाग स्वच्छ केल्याशिवाय मी तो आत ढकलला नाही, नाहीतर मळ त्या रिंगवरच घासला गेला असता. सुदैवाने पिस्टनवर गंजाचे खड्डे नव्हते. डिस्कची जाडीही तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा जास्त भरली.

ब्रेक ऑइल चहासारखे काळपट झाले होते. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, मात्र ते हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. लांबलचक उतारावर ब्रेक तापून ते उकळले, तर आत वाफ होते आणि पेडल खाली जाते. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षांनी ते बदलणे मला आवश्यकच वाटते.

या कामाला मुलगी मदतीला होती. कॅलिपरवरच्या निपलला, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवले. मी "दाब" म्हटले की तिने पेडल दाबून धरायचे, मी निपल पाव फेरा सैल करून पुन्हा आवळायचा आणि मगच "सोड" म्हणायचे. सुरुवातीला नळीतून बुडबुडे सुटत होते, नंतर एकेक, आणि शेवटी सलग पिवळसर धार आली. टाकीतले ऑइल खालच्या रेषेखाली जाऊ न देण्याकडे माझे लक्ष होते, कारण एकदा हवा आत गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. साइड पॅनेलवर सांडलेले थेंब लगेच पाण्याने धुतले. हे ऑइल रंग खाते.

बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलप्रमाणे आवळले आणि गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबले. पहिले काही दाब पूर्ण रिकामे गेले; हे विसरून कोणी रस्त्यावर निघाला, तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागणार नाही. नंतर सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा हळूहळू ब्रेक लावून नवे पॅड डिस्कवर नीट बसू दिले.

त्यानंतर घाटाखाली पोहोचल्यावर मी चाकाजवळ हात नेऊन पाहिला. डिस्क गरम होती, पण वास नव्हता. या पावसाळ्यानंतर पॅड पुन्हा काढले. दोन्हींची जाडी सारखी भरली आणि पिना बोटाने सरकल्या.