फणसावरून खुराड्यात

मागच्या कार्तिकात चिपळूणजवळच्या आमच्या घरी आठ तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणि एक कोंबडा आणला, तेव्हा खुराडे आधीच बांधून तयार होते. जांभ्याच्या चिऱ्यांचे जोते, त्यावर फळ्यांच्या भिंती, वर कौले आणि खाली भाताच्या तुसाचा चार बोटे थर, असे ते मी मनापासून करवून घेतले होते. कोंबड्यांनी मात्र पहिल्या संध्याकाळपासूनच परसातला फणस पसंत केला. दिवस कलू लागला की त्या झाडाखाली जमत, मान तिरकी करून वर पाहत आणि एकेक करून आधी खालच्या, मग वरच्या फांदीवर उडून बसत.

सहाव्या दिवशी सकाळी फणसाखाली पिसे पडलेली होती आणि एक तलंग कमी होती. शेजारच्या काकींनी पिसे पाहताच हे उदमांजराचे काम आहे असे सांगितले, आणि मी दिवे लागणीला काठी घेऊन कोंबड्यांच्या मागे धावते हे त्यांनी रोज पाहिले असल्यामुळे पुढे म्हणाल्या, “अगं, धावतेस कशाला? अंधार पडू दे. रात्रीचं त्यांना दिसत नाही, हाताने उचल.” त्या रात्री शिडी लावून, बॅटरीवर लाल कापड बांधून आम्ही आठही जीव खाली आणले. दिवसा हाताला न लागणारी कोंबडी काळोखात किती शांतपणे कुशीत येते, हे मला तेव्हा कळले.

त्यानंतर आठवडाभर त्यांना खुराड्यातून आणि त्याला लागून घातलेल्या जाळीच्या आवारातून बाहेर सोडलेच नाही. दाणा आणि पाणी आतच ठेवले. नव्या जागी आणलेल्या कोंबडीला घर कोणते हे ठसायला असे काही दिवस लागतात, आणि ते मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. ती एक तलंग माझ्या घाईमुळे गेली, ही रुखरुख अजून आहे.

आठवड्यानंतर मोकळे सोडल्यावर पाच परतल्या, तीन पुन्हा फणसावर गेल्या. तेव्हा मी सायंकाळी खुराड्याच्या दाराशी कोंबडीच्या उंचीइतकी खाली बसून आत पाहिले. बाहेर अजून चांगला उजेड होता, फणसाच्या शेंड्यावर तर ऊनही होते, पण दारातून आत सगळा काळोख दिसत होता. अंधुक उजेडात ज्याला नीट दिसत नाही असा पक्षी अशा भोकात पाय ठेवणार नाही, हे उघड होते. मी आतल्या मागच्या भिंतीला एक बारीक बल्ब लावला, सूर्यास्ताआधी अर्धा तास तो पेटवू लागले आणि त्याच वेळी मूठभर तांदळाच्या कण्या आत टाकू लागले. सगळ्या आत येऊन स्थिरावल्या की बल्ब बंद करायचा. चौथ्या दिवसापासून फणसावर कोणी गेले नाही.

आत आल्या तरी रात्री बसायला लावलेल्या दांडीवर त्या बसेनात. अंड्यांच्या खोक्यांत दाटीवाटीने झोपत. कोंबडी रात्री बसल्या जागी बरीच विष्ठा टाकते, त्यामुळे सकाळी पेंढा घाण होई आणि अंडी माखत. चूक बांधणीतली होती. खोकी दोन फुटांवर आणि दांडी दीड फुटावर ठेवली होती, आणि कोंबडी झोपेसाठी आत सापडेल ती सर्वांत उंच जागा धरते. खोकी फुटावर उतरवली आणि मनगटाएवढ्या जाडीच्या, कडा घासून गोल केलेल्या दोन दांड्या अडीच फुटांवर एकाच पातळीत बसवल्या. एक वर आणि एक खाली ठेवली असती, तर वरच्या दांडीसाठी रोज मारामारी झाली असती. दर कोंबडीला साधारण वीतभर जागा मिळेल असे माप धरले. तरीही आठवडाभर रात्री दोघी-तिघींना खोक्यातून उचलून दांडीवर ठेवावे लागले.

मग चैत्रात, सगळे अंगवळणी पडलेले असताना, त्या एकाएकी संध्याकाळी दारापाशी घुटमळू लागल्या आणि आत जाईनात. या वेळी मी त्यांना आत लोटले नाही. रात्री दांडीच्या खालून पांढरे फडके फिरवले, तेव्हा त्यावर रक्ताचे बारीक डाग उमटले. दिवसा लाकडाच्या फटींत दडून रात्री कोंबड्यांचे रक्त पिणारे, टाचणीच्या टोकाएवढे तांबडे किडे झाले होते. दांड्या काढून त्यांवर उकळते पाणी ओतले, उन्हात वाळवल्या, भिंतीच्या फटी चुन्याने बुजवल्या, तूस जाळून नवे घातले आणि आठवड्याने हे सगळे पुन्हा केले. त्यानंतर त्या आपणहून आत जाऊ लागल्या.

आता सात जण दांडीवर असतात. एक कोंबडी मात्र मागच्या आठवड्यात पुन्हा खोक्यात जाऊन बसली. तीन रात्री मी तिला उचलून वर ठेवले, आणि तीनही सकाळी ती पिसे फुगवून परत तिथेच. काकींनी येऊन तिच्या पोटाखाली हात घातला आणि ती खुडूक झाल्याचे, म्हणजे अंडी उबवायला बसल्याचे सांगितले. तिच्यासाठी कोपऱ्यात पेंढ्याचे वेगळे डालगे मांडून खाली नऊ अंडी ठेवली आहेत. एकवीस दिवसांपैकी पाच झाले.