फॅट २.६, डिग्री ३०

आमच्या दूध संस्थेत मी दूध तपासतो. संध्याकाळच्या संकलनात एकाच रांगेत दोघांचं गाईचं दूध फॅटला कमी पडलं. तात्यांचं २.६, अण्णांचं ३.२. आमच्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) बांधलेला आहे. त्याखाली गेलं की पॉइंटाला कपात. पावती हातात पडली की माणूस काहीतरी बोलतोच.

तात्या कडाडले, “तुझं मशीन खोटं, तू खोटा, ते संचालक मंडळबी खोटं!” अण्णा हसून म्हणाले, “असू दे बाळ, होतं कधीकधी. घे कापून.” रांगेनं निकाल तिथंच लावला. जो ओरडतो तोच चोर.

मशीनवर वाद झाला की हातानं तपासायचं, हा संस्थेचा नियम. आधी दोन्ही कॅन प्लंजरनं तळापासून वरपर्यंत ढवळले. न ढवळता वरचं दूध घेतलं तर साय येते आणि फॅट फुगते. तळाचं घेतलं तर उत्पादक मारला जातो. मग फॅट मोजायच्या गर्बरच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर नळीच्या कडेनं सावकाश १०.७५ मिली दूध, वर १ मिली अमाइल अल्कोहोल. क्रम चुकवायचा नाही. दूध भसकन ओतलं तर जळून काळे कण होतात आणि फॅटची रेघ वाचता येत नाही. बूच लावून दह्यासारखा गोळा विरघळेपर्यंत हलवायचं (नळी चांगलीच तापते, फडक्यात धरावी), ११०० फेऱ्यांवर पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज, मग ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायचं. दोन्ही आकडे मशीनशी जुळले.

डिग्री, म्हणजे दूध किती दाट ते सांगणारा लॅक्टोमीटरचा आकडा, घ्यायला मात्र अर्धा-पाऊण तास थांबलो. नुकत्याच काढलेल्या दुधात हवा असते, लॅक्टोमीटर कमी दाखवतो. शिवाय आमचा लॅक्टोमीटर २७ अंश तापमानाच्या दुधासाठी बनवलेला. दूध त्याहून गरम असेल तर दर अंशामागे सुमारे ०.२ मिळवावे लागतात. दुरुस्ती करून तात्यांची डिग्री ३० आली, अण्णांची २३.५.

इथं दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पाणी घातलं की फॅट आणि डिग्री दोन्ही एकदम उतरतात. नुसती फॅट कमी असेल तर डिग्री उलट चढते, कारण फॅट हलकी. डिग्रीला चारनं भागायचं, फॅटचा पाव हिस्सा आणि ०.४४ मिळवायचे, की एसएनएफ निघतं. तात्यांचं ८.५९, म्हणजे चोख. अण्णांचं ७.१.

तरी तात्या सुटले असं लगेच म्हणता येत नव्हतं. पाणी घालून वर साखर टाकली की डिग्री पुन्हा जागेवर येते, आणि आकडे साधारण असेच दिसतात. म्हणून १० मिली दुधात ५ मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि चिमूटभर, ०.१ ग्रॅम, रिसॉर्सिनॉल घालून नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवली. साखर असती तर लाल रंग आला असता. आला नाही.

गोठ्यावर समोर धार काढून नमुना घ्यायचं विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, “उद्या कशाला, आत्ता चल! शेजारी बोलव, सरपंच बोलव!” अण्णा म्हणाले, “कशाला तुम्हा पोरांना तरास? आजचं दूध मी माघारी नेतो, कुणाला सांगायला नको.” आवाज दोघांचाही मी मनावर घेत नाही. तपासणीला कोण पुढं येतो आणि कोण ती मिटवू बघतो, एवढंच बघतो.

गोठ्यावरचा नमुना दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला घ्यावा लागतो. संध्याकाळच्या दुधाला सकाळचा नमुना चालत नाही. दोन धारांमधलं अंतर बदललं की फॅट बदलते. बादल्या उपड्या करून बघायच्या, रोज संस्थेत ज्यांचं दूध येतं त्या सगळ्या गाई समोर पिळायच्या, आणि शेवटच्या थेंबापर्यंत. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पहिल्या धारांत फॅट एक-दोन टक्केच असते, अखेरच्या धारांत ती कितीतरी पट वाढते.

तात्यांच्या गोठ्यात फॅट ३.७ लागली. त्यांनी नातवाकडे बघितलं. पोरगं भरतीच्या सरावाला पळायचं, घाईनं धार अर्धवट सोडून द्यायचं आणि वासराला लावायचं. सगळं लोणी वासराच्या पोटात. (वासरू मात्र गुटगुटीत होतं.) अण्णांच्या गोठ्यात फॅट ३.८, एसएनएफ ८.४. गाई उत्तम. “कॅन विसळताना पाणी राहिलं असंल,” अण्णा तेवढ्याच गोडीनं म्हणाले. हिशेब समोर मांडला: ८.४ चं ७.१ व्हायला वीस लिटरांच्या कॅनमध्ये तीन लिटर पाणी लागतं. विसळलेल्या कॅनमध्ये फार तर पेलाभर राहतं.

प्रकरण मंडळाकडे गेलं. अण्णांच्या दुधाची कपात झाली आणि महिनाभर त्यांचा नमुना रोज हातानं तपासायचं ठरलं. त्याच संध्याकाळी भरल्या रांगेत तात्या पहिल्या दिवसाइतक्याच मोठ्यानं म्हणाले, “मशीन खरं होतं. खोट माझ्या घरात होती.” मग पावती डोळ्यांजवळ धरून, एक आकडा अस्पष्ट छापलाय म्हणून मला पुन्हा झापलं आणि नवी काढायला लावली.