पट्टीवरच्या तारखा

आज ओपीडीत एक काका आले. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा चक्कर येऊन पडलेले. साखर ५८. 'गोळ्या मनाने जास्त घेतात' असं मी केसपेपरवर लिहायलाच घेतलं होतं (असली वाक्यं आमचा हात आपोआप लिहितो!), तेवढ्यात त्यांनी खिशातून पट्टी काढली. प्रत्येक गोळीमागे पेनाने बारीक अक्षरात तारीख. एकही जास्त नाही, एकही चुकलेली नाही.

गोळी ग्लिमेपिराइड, डायबेटिसची. पोटात अन्न असो-नसो, ती साखर खाली आणतेच. आणि काम मिळालं नाही की काका जेवत नाहीत. '७०च्या खाली हायपोग्लायसेमिया' (म्हणजे साखर फार कमी होणं) हे मला तोंडपाठ, पण 'शेवटचं कधी जेवलात?' हे विचारायचं सुचलंच नाही. लाजच वाटली.

जिथे गरज जास्त तिथेच चांगली सेवा कमी पोचते, असं ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. काकांच्या खोलीतून आमचं हॉस्पिटल दिसतं म्हणे. पण यायचं तर दिवसाचा रोज बुडतो.

इंटर्नशिपनंतर काय, असं घरचे रोज विचारतात. वस्तीतला दवाखाना, हे आज सांगून टाकलं. आई गप्पच झाली.

मॅडमनी गोळी बदलून दिली. काका जाताना म्हणाले, "हिच्यावरपण तारखा घालू ना?"