‘ला जेते’ पाहून डिझॉल्व्हची फेरजुळणी

फोटोंवरून लघुपट करायचं आमचं काम सध्या एडिटिंगला आलंय. गंगाखेडच्या गोदाकाठी काढलेले फोटो टाइमलाइनवर मांडून झाले, पण एकातून दुसरा फोटो विरघळत (म्हणजे डिझॉल्व्ह) किती वेळात उमटू द्यायचा हे ठरेना. म्हणून फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करचा ‘ला जेते’ हा सिनेमा पुन्हा काढला. आधी आवाज बंद करून पाहिला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: 1962चा, 28 मिनिटांचा, जवळजवळ अख्खा कृष्णधवल स्थिरचित्रांचा. लहानपणी पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर पाहिलेला एका बाईचा चेहरा माणसाच्या डोक्यातून जात नाही. तिसऱ्या महायुद्धानंतर तळघरात त्याला कैद करणारे लोक त्याची हीच ओढ वापरून, त्याच्यावर प्रयोग करून त्याला भूतकाळात पाठवतात. बरेच जण याला कालप्रवासाचं कोडं म्हणून सोडवत बसतात. मला त्यात फारसा रस नाही. शेवटी भविष्यातले लोक त्याला आपल्यात बोलावतात, तरी तो मागे जायचं मागतो. माझ्या लेखी सिनेमा तिथे आहे. (शेवट सांगत नाही, बघा.)

आता मुद्द्याचं. तळघरातले फोटो बरेचसे थेट कटवर आहेत, म्हणजे एक संपला की झटक्यात दुसरा, चेहऱ्यावर चेहरा आदळतो. ती बाई पलंगावर झोपलेली असते तिथे मात्र फोटो एकमेकांत विरघळू लागतात. मान थोडी वळते, हात सरकतो आणि दोन चित्रांमधलं अंतर कमी कमी होत जातं. आवाज लावला तर पाखरांचा कलकलाट चढत जातो. मग ती डोळे उघडते, पापण्या लवतात. अख्ख्या सिनेमात खरी हालचाल एवढीच, आणि लगेच कट होऊन प्रयोग करणाऱ्याचं थोबाड! दुसरा कुणी असता तर हा शॉट शेवटाला राखून ठेवला असता. मार्कर तो साध्या सकाळी खर्चून टाकतो, म्हणून पुढचं सगळं जास्त लागतं.

सगळीकडे सारखाच डिझॉल्व्ह टाकला की लग्नाच्या अल्बमचा व्हिडिओ होतो. तेव्हा आमच्या काकांचे घाटाच्या पायऱ्यांवरचे फोटो आता सरळ कटवर घेतलेत. डिझॉल्व्ह फक्त काकू दिसतात तिथे. पाण्याजवळच्या फोटोंत मात्र अंतर फार आहे. मधल्या हालचाली टिपलेल्याच नाहीत. त्यासाठी काकांना पुन्हा घाटावर न्यावं लागेल. ते तयार आहेत, फक्त ऊन उतरल्यावर या म्हणाले.