टिंबं आणि समास

"हे खरं पोलीस ठाणं हाय बघ," तात्या चहाची बशी खाली ठेवत म्हणाले.

काल रात्री विश्रामबागच्या घरी 'द वायर' या अमेरिकी पोलीस मालिकेचा पहिला भाग लावला होता. इंग्रजी मी सांगत होतो, पोलीसखातं ते. (चुलते आमचे, हवालदार म्हणून रिटायर झाले. एरवी पोलिसांच्या मालिका पाच मिनिटांत बंद करायला लावतात.) एक प्रसंग मात्र त्यांनी दोनदा बघितला. अहवाल टाइप करणाऱ्या डिटेक्टिव्हला सार्जंट सांगतो, मुद्द्यांपुढं टिंबं दे, वरच्या साहेबांना आवडतात.

तात्या खो खो हसले. "आमच्या सायबाला समास लागायचा. बरोब्बर दोन बोटं. कमी पडला की कागद परत!"

मालिका लिहिणारा डेव्हिड सायमन आधी 'बाल्टिमोर सन' या तिथल्या पेपरचा क्राइम रिपोर्टर होता. १९८८ चं अख्खं वर्ष त्यानं खुनाचा तपास करणाऱ्या पथकासोबत काढलं. जोडीला एड बर्न्स, तो तर माजी डिटेक्टिव्हच. टिंबं घरी बसून थोडीच सुचतात!

आपल्याकडं असं वर्षभर ठाण्याच्या बाकावर बसू देणारा पेपर आहे का कुठला? आणि बसलाच कुणी, तर तात्यांचा समास त्याला दिसेल?